पिंपं हलणार नाहीत

५ मार्च, सोमवार

बाईसाहेब,

नमस्कार आणि खुशालीचा निरोप. इथे सगळं जागच्या जागी आहे. तू जाताना जी बरणी जिथे ठेवलीस ती तिथेच आहे, फक्त तिच्यातली साखर कमी झाली आहे. चिऊला विचार, पाय सुजतात का, आणि सुजत असतील तर उशी पायाखाली घेते की नेहमीसारखी दोन्ही डोक्याखाली. जावईबापूंना नमस्कार.

घरात फोन असताना हा माणूस पत्रं का लिहितो, असं तू म्हणशील. फोनवर तुझ्या मागे चिऊ असते, माझ्या मागे तुझ्या मातोश्री असतात, आणि मग आपण दोघं 'जेवलात का?' आणि 'जेवलो' यापलीकडे जात नाही. शिवाय मी लिहितो बरा. माझी शाळा चौथीत सुटली, अक्षर नाही सुटलं. या पत्रात ते जरा वाकडं दिसेल. त्याचं कारण टेबल. टेबलाचा एक पाय हलतो. खाली कागदाची घडी घातली, तरी हलतो. बाकी काही नाही.

आता बातमी. नाटकवाल्या बाई आल्या होत्या. त्याच, ज्यांचे झगे मी मागच्या वर्षी काळे करून दिले आणि एकाही झग्याने कोणाच्या मानेला रंग लावला नाही. या वेळी त्यांनी रंगमंचाचा पडदाच आणलाय. जाड सुती, दोन भाग, डावा आणि उजवा. वरचा लाल उडून घड्यांच्या आत तेवढा उरलाय, त्यामुळे पडदा उघडला की वाघासारखा पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. त्यांना हवाय डाळिंबी लाल. नमुन्याचा तुकडा दिलाय आणि म्हणाल्या, "नमुना म्हणजे नमुना हं." मी म्हटलं, "बाई, आजवर माझ्या हंड्यातून नमुन्यापेक्षा वेगळं काही बाहेर पडलंय का?" चोवीस तारखेला प्रयोग आहे. एक एक भाग मोठ्या हंड्यात जेमतेम बसतो. आधी डावा, मग उजवा, आणि शेवटी वरची झालर.

तुझ्या मातोश्री ठीक आहेत. दिवाणावर झोप चांगली लागते म्हणतात. म्हणजे मला म्हणत नाहीत, भिंतीवरच्या कॅलेंडरला म्हणतात. तू गेलीस त्या सकाळपासून त्या माझ्याशी एक अक्षर बोललेल्या नाहीत. कारण मला ठाऊक नाही. मीही काही कमी नाही. मी केटलीशी बोलतो. काल सकाळचा संवाद असा:

"कॅलेंडरराव, आजच्या चहात साखर पडलेली दिसत नाही."

"केटलीबाई, ज्यांना हवी त्यांनी घालून घ्यावी म्हणावं."

"कॅलेंडरराव, बरणी वरच्या फळीवर आहे. एरवी लोक काढून द्यायचे."

मी काही बरणी काढून दिली नाही. मी वर्तमानपत्र वाचत होतो. शेवटी त्यांनी स्टूल घेतलं.

केस अगदी बारीक कापून घेतले. उकडायला लागलंय, आणि कंगव्याची कटकट नको. शर्टही सध्या पुढे बटणं असलेलेच घालतो, डोक्यातून घालायचे कपाटात ठेवून दिलेत. वयानुसार माणसाने नीटनेटकं राहावं.

आतल्या खोलीतल्या पिंपांचा विषय आपण तू आल्यावर बोलायचा ठरवलाय, म्हणून मी तो काढत नाही. एवढंच सांगतो की रंगाच्या पुडीला ऊन चालत नाही आणि ओल चालत नाही, आणि या घरात अशी खोली एकच आहे. तिथे पलंग घालायचा तर पिंपं कुठे जाणार? ती पिंपं हलणार नाहीत. हे मी तेव्हाही सांगितलं आणि आताही सांगतो. पण विषय काढत नाही.

काळजी करू नकोस. मला कोणाचीही मदत लागत नाही, हे तुला माहीत आहे.

तुझा,
सर्वार्थाने समर्थ नवरा


११ मार्च, रविवार

बाईसाहेब,

तुझ्या मातोश्रींनी काल फोनवर "जावयाचा हात गेला" असं जे सांगितलं, ते वाढवून सांगितलेलं आहे. हात कुठेही गेलेला नाही. तो माझ्या उजव्या बाजूला, पूर्वी होता तिथेच आहे. फक्त वर होत नाही.

आता तू विचारलंच आहेस तर सांगतो. खांदा आखडलाय. तू जायच्या आधीपासून थोडा कुरकुरत होता. तुझी बॅग मी डाव्या हाताने उचलली तेव्हा तू म्हणालीस, "आज काय ऐट!" ती ऐट नव्हती. कंगवा डोक्यापर्यंत पोचत नाही. साखरेची बरणी वरच्या फळीवर असते, हे आता तुझ्या लक्षात आलं असेल. टेबलाचा पाय मात्र खरंच हलतो. अक्षराचं खापर सगळं त्याच्यावर फोडता येणार नाही एवढंच.

डॉक्टर म्हणतात, औषध कमी आणि हलवणं जास्त. समोरचा इस्त्रीवाला म्हणतो, "अजिबात हलवू नका, माझ्या मेव्हण्याने हलवला आणि बसला." मी दोघांसमोर मान हलवली. तेवढी अजून हलते.

आता पडद्याचं ऐक. मंगळवारी डावा भाग घेतला. कापड रात्रभर भिजवलेलं, पाणी वाफ धरेल इतकं तापलेलं, पहिला पेला रंग गाळून ओतलेला. लालाची काठी घेतली. (लालाची काठी लालाची, निळ्याची निळ्याची. तू एकदा निळ्याच्या काठीने कपडे वाळत घालायची दोरी उंच केली होतीस, ते मी विसरलेलो नाही.) काठी हंड्यात घातली, पहिला वळसा दिला आणि हात तिथेच थांबला. कोणीतरी मागून बाही धरावी तसा. डाव्याने प्रयत्न केला. ओलं जाड कापड डाव्या हाताला काय दाद देणार? आणि तुला माहीत आहे, रंगात कापड थांबलं की संपलं. जिथे घडी टेकेल तिथे डाग बसणार, तो जन्मात निघणार नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला, "कॅलेंडरराव, भांडं खाली लागतंय!"

आयुष्यभर वसतिगृहाच्या भटारखान्यात शंभर पोरांचं सूप केलेली बाई ती. भांडं लागतंय म्हटल्यावर तिचा हात गप्प बसेल होय? पदर खोचला, माझ्या हातातली काठी घेतली आणि गरागरा फिरवायला लागल्या.

मी ओरडलो, "केटलीबाई, ढवळायचं नाही! हलवायचं!"

"कॅलेंडरराव, यात फरक काय तो विचारा."

मग मला फरक सांगावा लागला. ढवळलं की पाणी फिरतं आणि कापड मधे गुंडाळून बसतं. हलवायचं म्हणजे काठी कडेने खाली घालायची, तळचं कापड वर आणायचं, वरचं खाली सोडायचं, पुन्हा दुसऱ्या कडेने. पाणी फिरलं काय, न फिरलं काय, कापड बसता कामा नये. हे मला कोणी शिकवलेलं नाही. माझे गुरू म्हणजे माझे बिघडलेले शर्ट.

त्या ऐकत होत्या. काठी कडेने घातली, कापड उचललं, सोडलं. मग म्हणाल्या, "लेकीच्या संसारात कधी ढवळाढवळ केली नाही, ती इथे हंड्यात कशाला करीन? नाही का हो, कॅलेंडरराव?"

मी काही उत्तर दिलं नाही. केटलीच्या वतीनेही नाही.

खरं सांगतो, हात चांगला आहे त्यांचा. मी स्टुलावर बसून फक्त पाहत होतो. दुसरा पेला केव्हा घालायचा, मीठ केव्हा, हे केटलीला सांगत होतो आणि त्या मुकाट ऐकत होत्या. (मिठाने रंग कापडात शिरतो, आणि घाईने घातलं तर घाईने शिरतो, ठिपक्याठिपक्याने.) पंचवीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या कोणाला काठी दिली आणि मी रिकामा बसलो. रिकामा माणूस विचार करतो. मला वाटलं, या एका शब्दाला आपण काय काय कामाला लावलंय. कापड हलवायचं, तू तिकडे पाळणा हलवणार, मी डॉक्टरपुढे मान हलवतो, कोणी आजारी पडलं की त्याला दवाखान्यात हलवायचं, बिऱ्हाड हलवायचं. नाटकवाल्या बाईंच्या मंडळात म्हणे खरी सूत्रं त्यांची बहीण हलवते. आणि आपल्या घरात तुझ्यावाचून पान हलत नाही, हे मी कोणाजवळ बोलत नाही. एवढी कामं एका शब्दाकडे, आणि माझ्या खांद्याला त्यातलं एकही जमेना.

डावा भाग नमुन्याला नमुना उतरला. वाळल्यावर तुकडा वर ठेवून पाहिला, तुकडा कुठे आहे ते सापडेना.

संध्याकाळी आणखी एक झालं. डॉक्टरांनी व्यायाम दिलाय. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची, मुंगीसारखी. मी कोणी बघत नाही असं पाहून करत होतो. तुझ्या मातोश्री आल्या, माझं बोट जिथवर पोचलं तिथे शिंप्याच्या खडूने रेघ मारली आणि कॅलेंडरला म्हणाल्या, "उद्या रेघेच्या वर. नाहीतर चहा बिनसाखरेचा." म्हणजे आता त्या भिंतीशी तोंडाने बोलतात आणि मी बोटांनी.

एकट्याने होत नाही म्हणून इकडे धावत यायचा विचारही करू नकोस. तुझं काम तिकडे आहे. उजवा भाग पुढच्या शनिवारी घेतो.

तुझा,
थोडी मदत घेणारा


१७ मार्च, शनिवार

बाईसाहेब,

आज लांबण लावत नाही. पडद्याचा घोळ झालाय.

सकाळी उजवा भाग घेतला. सगळं डाव्या भागासारखंच. रंगाचे तीन पेले कालवून फळीवर ओळीने ठेवले होते. दोन पडद्याचे, तिसरा झालरीचा. झालरीला पाणी कमी लागतं, म्हणून तो जास्त दाटही होता. पहिला पेला त्यांनी घातला. मग म्हणाल्या, "कॅलेंडरराव, पाणी कमी वाटतंय," आणि मधल्या नळावर गेल्या. तेवढ्या वेळात डाव्या हाताने मी कापड कसंबसं वर-खाली करत राहिलो, त्याच हाताने दुसरा पेलाही ओतला आणि सवयीने सांगितलं, "केटलीबाई, दुसरा पडला बरं का."

त्या आल्या, पाणी घातलं, फळीवर भरलेला पेला दिसला, तो घातला. मी तेव्हा खाली वाकून गॅस बारीक करत होतो.

कापड पिळताना कळलं. ओलं कापड नेहमीच गडद दिसतं, म्हणून आधी मी मनाला समजावलं. मग अर्धवट वाळल्यावर दोन्ही भाग दोरीवर शेजारी शेजारी टाकले. डावा डाळिंबी. उजवा वाइनसारखा. एका रंगमंचावर दोन वेगवेगळ्या नाटकांचे पडदे. मी दोरीखाली पायरीवर बसलो.

त्या बाहेर आल्या. पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कॅलेंडर आतच राहिलं होतं.

"जावई, काय झालं?"

पंधरा दिवसांनी पहिला शब्द. मी म्हटलं, "झालरीचा पेला पडलाय यात."

"भरलेला होता. मला वाटलं तोच दुसरा."

"दुसरा मी ओतला होता. सांगितलंही होतं."

"कुणाला?"

"केटलीला."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, "अहो, केटली माझ्या हातात होती. तीच घेऊन मी नळावर गेले होते."

बाईसाहेब, मी फळीवरच्या रिकाम्या जागेशी बोललो होतो. आधी त्या हसल्या. मग मी. त्या इतक्या हसल्या की पायरीवर माझ्या शेजारी टेकल्या आणि डोळे पुसायला पडद्याचं टोक धरणार होत्या, मी त्यांचा हात धरला. तोही माझ्या आखडलेल्या हाताने. मग ओरडलो. त्यावर त्या आणखी हसल्या.

हसून झाल्यावर त्या पडद्याकडेच पाहत म्हणाल्या, "दिवाण आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसता पडदाच आहे. साधा, विटका. ही जायच्या आदल्या रात्रीचं मला सगळं ऐकू आलं."

मी खांदा चोळायला लागलो.

"पिंपं हलणार नाहीत," त्या म्हणाल्या. माझा आवाज काढून. बरा काढला.

मग मी सुरू झालो, ऊन, ओल, पुड्या. त्यांनी हात वर केला. त्यांचा होतो वर. "ते खरंच आहे. रंगाला जागा लागते, मी नाही म्हणते का? माझी तर एक पेटी. तिकडे माझं घर तिसऱ्या मजल्यावर, गुडघे दुखतात, एकदा पडले, पुन्हा पडेन. पण मी रुसले ते पिंपांवर नाही. तुम्ही दोघं तासभर भांडलात, ही म्हणते आई राहील, तुम्ही म्हणता जागा नाही. 'त्यांना विचारू या' असं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. मी काय हंड्यातलं कापड आहे, इकडून उचला, तिकडे सोडा?"

तू माझी बायको, तुझ्याशी काय लपवायचं. मला ते पटलं. यातलं अर्धं तुलाही लागू आहे, ते मी तुला आपुलकीने कळवतो.

आता प्रश्न पडद्याचा. गडद झालेला फिका होत नाही. म्हणजे डावा पुन्हा हंड्यात घालून उजव्याएवढा गडद करायला हवा. हे सोपं वाटतं, पण नाही. दोनदा रंगलेलं कापड एकदा रंगलेल्याशी सहसा जुळत नाही. कुठल्या क्षणी बाहेर काढायचं हे डोळ्यांनी ठरवायचं, आणि डोळ्यांनी ठरवलं की त्याच क्षणी काढायचं, हात धुऊन येईपर्यंतही थांबायचं नाही. पाहणारा वेगळा, हलवणारा वेगळा. मधे केटली नको.

उद्या घेतो. नाही जुळलं तर नाटकवाल्या बाईंना काय तोंड दाखवू ते मला कळत नाही. माझ्या हंड्यातून नमुन्यापेक्षा वेगळं काही बाहेर पडत नाही, असं मीच मान वर करून म्हटलं होतं.

चिऊच्या तब्येतीचं कळव. दिवस भरत आलेत, आणि मी इथे पेले भरतोय.

तुझा,
रंगारी


२५ मार्च, रविवार

बाईसाहेब, आता आजीसाहेब,

मागच्या रविवारी एवढे फोन केले ते का उचलले नाहीत, याचा जबाब.

तिन्ही हात हंड्यात होते.

फोन वाजला तेव्हा डावा भाग नुकताच रंगात गेला होता. मी म्हटलं, "वाजू दे." पुन्हा वाजला. आई म्हणाल्या, "चिऊचं असेल." मी म्हटलं, "आता कापड थांबलं तर गेलं." तिसऱ्यांदा वाजला तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि आई म्हणाल्या, "बाळ आलं असेल तर ते काही परत जात नाही. हलवा." आणि आम्ही हलवत राहिलो. आई रडत हलवत होत्या, पण हात चुकला नाही. जावईबापूंना माझ्या वतीने क्षमा माग. चौदा मिस्ड कॉल होते. नात झाली ही बातमी आम्हाला शेवटी इस्त्रीवाल्याने दारात येऊन सांगितली, कारण जावईबापूंनी कंटाळून त्याला फोन लावला. तो इस्त्री हातात घेऊनच धावत आला होता.

तोवर पडदा निघाला होता. तो असा निघाला. मी उजव्या भागाचं एक टोक ओलं करून हातात धरलं आणि हंड्यावर वाकलो. आई कापड वर आणायच्या, मी टोकाशी लावून पाहायचो. "अजून." खाली सोडायच्या. "अजून." "अजून का?" "अजून थोडं, आई." वाफेने चष्मा धुरकट व्हायचा, त्याच आपल्या पदराने पुसून परत नाकावर ठेवायच्या. मग एकदा मला वाटलं, आता. मी म्हटलं, "काढा!" आणि जड ओलं कापड त्यांच्या दोन हातांनी आणि माझ्या एका हाताने आम्ही उचलून थंड पाण्यात टाकलं. उजवा हातही गेला मदतीला. कुठवर गेला ते भिंतीवरच्या रेघेला विचार. ओरडलो मात्र शेजारपर्यंत ऐकू जाईल असा. झालर दुसऱ्या दिवशी त्याच रंगात काढली.

बुधवारी नाटकवाल्या बाई आल्या. नमुना काढला, पडद्यावर ठेवला आणि भुवया वर. "हा गडद आहे."

मी म्हटलं, "आहे. एक पेला रंग जास्त पडला माझ्या हातून."

"आमच्या," आई मागून म्हणाल्या. "आणि बाई, प्रेक्षक काय नमुना हातात घेऊन बसतात?"

बाई हसल्या, पण सोडलं नाही. दोन्ही भाग पसरून घेतले, कडेला कड लावली, उजेडात पाहिलं, सावलीत पाहिलं. माझा जीव त्या कडेवर टांगलेला. शेवटी म्हणाल्या, "दोन्ही सारखे आहेत. चालेल. पण पुढच्या वेळी नमुना म्हणजे नमुना हं." मला बाईंचा राग आला नाही. मीही असाच आहे.

काल प्रयोगाला दोघं गेलो. तिसऱ्या रांगेत बसलो. दिवे गेले, पडदा बंद होता, त्याच्यावर एक प्रकाशझोत. मी आईंच्या कानात विचारलं, "मधली रेघ दिसते का?" त्यांनी पुढे वाकून, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाल्या, "कुठली रेघ?" मग पडदा हलला आणि दोन्हीकडे सरकला. पुढे नाटकात काय झालं ते मला विचारू नकोस, मी मध्यंतराला तो पुन्हा कधी बंद होतो याची वाट पाहत होतो.

आता विषय काढतो.

पिंपं हलवली. गुरुवारी. इस्त्रीवाल्याची कपड्यांची ढकलगाडी घेतली, त्याला घेतलं, आणि सगळी जिन्याखाली नेली. तिथे ऊन येतं ते अडवायला फळ्या ठोकल्या, ओल येते ती अडवायला विटांवर चढवली. पंचवीस वर्षं मी म्हणत होतो की जागा नाही, ती एका दुपारी झाली. याबद्दल तू काही बोलायचं नाहीस. खोलीत जमिनीवर पिंपांचे गोल डाग राहिलेत, लाल, निळे, हिरवे. ते घासून निघत नाहीत. भिंतीला पांढरा चुना दिला, पलंग खिडकीशी लावला. उजेड येतो. रंगाला नको असतो, माणसाला हवा असतो.

पण खोली केली म्हणजे विचारलं असं होत नाही, हे मी शिकलोय. म्हणून काल नाटकाहून आल्यावर विचारलं. चहाचं पाणी उकळत होतं. केटलीचं झाकण काढून ठेवलं आणि त्यांच्याकडे बघून म्हटलं, "आई, ही आली की तुम्ही तिसऱ्या मजल्यावर परत जाणार, की इथेच राहणार? तुम्हाला काय हवं आहे? मला तुम्ही इथे राहायला हव्या आहात. काठीसाठी नाही. खांदा बरा झाला तरी."

त्यांनी मान हलवली. आडवी की उभी, ते वाफेत मला दिसलं नाही. पुन्हा विचारायचं धैर्य झालं नाही. चहा घेतला, कप विसळले, झोपलो.

म्हणून हे पत्र लिहून मी आज सकाळी तुला विचारणार होतो, की तुझ्या आईंची मान आडवी हलली तर तिचा अर्थ काय घ्यायचा. पत्र लिहायला टेबलाशी आलो. त्याचा पाय आता हलत नाही, आईंनी खाली पेन्सिलीचा तुकडा ठोकलाय. बसताना दिवाणाकडे नजर गेली. दिवाणाखाली त्यांची पेटी असते, लोखंडी, कुलूपवाली. मला दोन हातांनीही उचलवली नसती.

ती तिथे नव्हती.

उठून आतल्या खोलीत गेलो. पेटी खिडकीखाली, पलंगाच्या पायथ्याशी, बरोबर एका लाल गोल डागावर ठेवलेली. वर घडी घातलेलं त्यांचं पातळ. आई न्हाणीघरात होत्या, आतून काहीतरी गुणगुणत होत्या. मी पेटीला हात लावला नाही. जागची हलवली नाही.

चिऊला आणि पिल्लाला सांभाळ. जितके दिवस लागतील तितके राहा, घाई करू नकोस. पाळणा तू हलव. इथलं आम्ही हलवतो.

तुझी वाट पाहणारे,
आई आणि मी